पगाराऐवजी

त्या मार्चमध्ये कारखान्याने
बाबांना पगाराऐवजी रेझिस्टर दिले.
वरच्या मजल्यावरच्या विदमंतासना
टीव्हीचे रिकामे खोके.
बाबा म्हणाले, आपलं बरं,
आपलं खिशात मावतं.

श्यौलेयमध्ये बर्फ अजून वितळत नव्हता, नुसता मळत होता.
मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.
तपकिरी, काळा, नारिंगी,
शेवटी सोनेरी पट्टा:
दहा हजार ओहम, शंभरात पाच इकडेतिकडे.
सगळे एका रंगाचे, एका आईचे,
पण मीटरचा काटा प्रत्येकाला नावं ठेवी,
दहाच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे.
चारशे बारांतून पंचवीस निवडले,
डाळीतले खडे निवडावेत तसे,
फक्त इथे खडे ठेवायचे होते.

कॉम्प्युटर आईने ब्रेमेनहून बसने पाठवलेला,
तिच्या म्हाताऱ्यांच्या ऑफिसने टाकलेला.
त्याला आवाज होता, पण एकच.
ट्यूं.
चूक केली की ट्यूं, चालू झाला की ट्यूं.

प्रिंटरच्या भोकांतून आठ तारा निघतात.
धाकटीचं वजन एक, मग दोन, मग चार,
थोरलीचं एकटीचं एकशेअठ्ठावीस.
बाकी साती जणी मिळूनही तिला एकाने कमीच.
त्यांना शिडीच्या पायऱ्यांना बांधायचं.
एवढंच. आकड्याचा दाब होतो,
दाबाचा आवाज.
राळेचा धूर डोळ्यांत, कथलाचा थेंब गुडघ्यावर
(डाग अजून आहे),
आणि साबणाच्या डबीत ती शिडी आडवी निजवली.

पहिल्यांदा उलटी लावली मी.
थोरली तळाला, धाकटी माथ्यावर.
तापल्या तेलात ओली भाजी पडावी तसं काहीतरी
रेडिओतून उडालं.
बाबा बूट पुसता पुसता म्हणाले,
घरात वयाचा काही मान?

सुलटी केली.
फ्लॉपीवरचा ट्रम्पेट वाजला.
खरवडलेला, घसा बसलेला, पण ट्रम्पेट.

अकरा आणि बारा नंबरचे पाय मी जमिनीला जोडलेले,
कॉम्प्युटरला थाप मारायला:
प्रिंटर मोकळा आहे, कागदही आहे.
हे बाबांना सांगायचं राहिलं.

रविवारी त्यांनी दोन बोटांनी पत्र टाइप केलं.
सहा महिन्यांचा पगार थकला आहे,
तरी कृपया.
छापा म्हणून बटण दाबलं
आणि साबणाच्या डबीने ते बोलून टाकलं.
फर्र.
चुटकीहूनही कमी वेळ.
बाबा वाकून टेबलाखाली कागद शोधत होते.

मग मी तेच पत्र हळू सोडलं, एकेक अक्षर.
साधी अक्षरं शंभराच्या आसपास कुजबुजत जात,
दोन शब्दांमधली जागा खड्ड्यात पडे,
आणि आमच्या भाषेतली टोप्याठिपकेवाली,
त्यांना घरं मिळालीत एकशेअठ्ठावीसच्या वर.
ती आली की थोरली उठून उभी राही,
स्पीकर दचके.
'कृपया'ला काहीच झालं नाही.
बाबांच्या आडनावात दोन टोप्या आहेत,
शेवटी दोन ठोके पडले.

पुन्हा लाव, बाबा म्हणाले.
तीनदा ऐकलं त्यांनी.
कारखान्यात कोणी वाचलं तर
असंच वाचतील, म्हणाले. की चिडून म्हणाले,
आता आठवत नाही.

सोमवारी डबी काढून खरा प्रिंटर लावला.
त्याची रिबन वाळलेली. कागदावर शाई नाही,
नुसते टोचे.
बाबांनी दिवा तिरपा धरला
आणि टोच्यांवरून पेन फिरवत
आपलंच पत्र गिरवलं.

एप्रिलमध्ये उत्तर आलं:
एक पिशवी कपॅसिटर.

त्यातला एक मी शिडीच्या टोकाला लावला.
खरखर बरीच कमी झाली.